इंदुरात ब्रूट विकत घेताना: नाशिकच्या चार बाटल्या आणि एक महागडी शंका

आधी निकाल. साखरपुड्यासाठी किंवा 31 डिसेंबरसाठी ब्रूटची, म्हणजे कोरड्या (गोड नसलेल्या) फेसाळ वाईनची, एकच बाटली उचलायची असेल तर शँडॉन ब्रूट उचला. शेजारी कितीतरी पट भावाची फ्रेंच शॅम्पेन दिसली आणि ती फळीवर कधीपासून आहे हे दुकानदाराला सांगता आलं नाही, तर ती तिथेच राहू द्या.

हे फ्रेंचांवर खार खाऊन लिहिलेलं नाही. चांगली शॅम्पेन चांगलीच असते. रँस आणि एपर्ने या गावांभोवतीच्या भागात ती बनते. साधी शॅम्पेनही बाटलीत भरल्यापासून किमान 15 महिने तळघरात राहते, आणि एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं. पण तिथून निघून ती मे महिन्यातल्या इंदुरात येते. पारा चाळिशीपार, दुकानाचं शटर दिवसभर वर, फळीवर थेट ट्यूबलाइट. मध्य प्रदेशात 2022 पासून देशी-विदेशी दारू एकाच दुकानात मिळते आणि काउंटरवरची सगळी घाई बिअर-व्हिस्कीची असते. बुडबुड्यांची बाटली मात्र लग्नसराई आणि नववर्ष सोडलं तर हलत नाही. उष्णतेने फळाचा ताजेपणा जातो, वास शिजवलेल्या सफरचंदाच्या मुरंब्याकडे झुकतो. उजेडाने, विशेषतः पारदर्शक काचेतल्या बाटलीला, उकडलेल्या कोबीसारखी छटा येते. वाईनवरचं आयात शुल्क वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलेलं, त्यामुळे अशा भाजलेल्या बाटलीचे पैसे तेवढेच जोरात टोचतात.

म्हणून नावाआधी मागचं लेबल वाचा. देशी बाटलीवर महिना-वर्ष छापलेलं असतं, आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचा स्टिकर असतो. देशी ब्रूटची तारीख दीड वर्षाच्या आतली असावी, टाकीत बनलेल्या गोडसर बाटलीची वर्षाच्या आतली. मग बाटली उजेडासमोर धरा. हिरव्या काचेतूनही साधारण अंदाज येतो: फिकट गवती रंग ठीक, गडद सोनेरी-तपकिरी असेल तर परत ठेवा. गळ्याभोवतीचा कागद चिकट लागला किंवा फॉइलखाली सुकलेला ओघळ दिसला, तर बाटली कधीतरी तापून बुचातून पाझरली आहे. पुढच्या फळीवरचीच घ्यायला हवी असं काही नाही. ‘भिया, अंदर पेटी में से निकाल दो’ म्हटलं की बहुतेक दुकानदार कुरकुरत का होईना, काढून देतात. दुकानातल्या फ्रिजमधली थंड बाटली मोहात पाडते, पण ती कित्येक महिने तिथेच असेल तर तीही नको.

आता चार बाटल्या. शँडॉन ब्रूट नाशिकजवळच्या दिंडोरीत बनते, मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने ती 2013 मध्ये भारतात आणली. शनँ ब्लाँ, शार्दोने आणि पिनो न्वार ही तीन द्राक्षं, आणि दुसरं, बुडबुडे आणणारं आंबवणं त्याच बाटलीत. बाटलीतल्या वाईनमध्ये लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बंद केली, की आत सुमारे 6 वातावरणांचा दाब तयार होतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं आणि तिथूनच तो ताज्या पावाचा, भाजलेल्या कणकेचा वास येतो. शँडॉनमध्ये तो हलका आहे, पुढे येतं ते हिरवं सफरचंद आणि लिंबाची साल. फेस बारीक, आंबटपणा नेटका. चारांत हिचाच तोल सगळ्यात सावरलेला.

सुला ब्रूटही बाटलीतल्या आंबवण्याचीच, आणि इंदुरात सर्वांत सहज मिळणारी. फळ जास्त मोकळं, फेस थोडा ठसठशीत, घोटानंतरची चव जरा लवकर संपते. सहज मिळते आणि पटापट खपते, त्यामुळे ताजी सापडण्याची शक्यता जास्त. उन्हाळ्यात हाच मुद्दा शँडॉनवर मात करतो: जुनी शँडॉन आणि ताजी सुला समोर असतील तर सुला घ्या.

झँपा स्वारे ब्रूट शनँ ब्लाँची आहे, सगळ्यांत कोरडी वाटणारी. पहिल्यांदा पिणाऱ्या काकूंना ती ‘आंबट’ वाटेल. तळणाच्या ताटाला मात्र हीच हवी. तिची रोझे (गुलाबी) मिळाली तर जिरावण, म्हणजे इंदुरी चटपटा मसाला, भुरभुरलेल्या कशाबरोबरही चालते.

सुला सेको टाकीत आंबवलेली, म्हणजे इटलीच्या प्रोसेक्को या फेसाळ वाईनच्या पद्धतीची. यीस्टचा वास नाही, फळ आणि गोडवा पुढे, बुडबुडे मोठे आणि लवकर विरणारे. मोठ्या घोळक्यासाठी, संत्र्याच्या रसात मिसळून द्यायला ठीक. ब्रूटच्या अपेक्षेने घेऊ नका.

गोडीच्या शब्दांत एक फसवणूक दडलेली आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे ‘ब्रूट’मध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ब्रूट’मध्ये 6 पर्यंत. पण ‘एक्स्ट्रा ड्राय’ मात्र 12 ते 17, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड. ‘डेमी सेक’ 32 ते 50. जेवणानंतर जिलबी, श्रीखंड किंवा मावाबाटी असेल तर ब्रूट देऊ नका: गोडापुढे ती पातळ आणि तुरट लागते. तिथे डेमी सेक, नाहीतर सरळ कॉफी.

ब्रूटची खरी जागा जेवणाच्या आधी. हिवाळ्यात सराफ्याच्या खाऊगल्लीतलं गराडू (तळलेला कंद), वर लिंबू आणि जिरावण: तेल फेसाने कापलं जातं, लिंबू वाईनच्या आंबटपणाशी जुळतं. भुट्ट्याचा कीस दुधात शिजलेला, किंचित गोड आणि मऊ, त्याला शँडॉन छान. घरची कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, सगळं चालतं. लवंगी शेव मात्र टाळा, कारण मिरची-लवंगेच्या झोंबण्याला अल्कोहोल आणि बुडबुडे आणखी धार लावतात. समोर अखंड शेवेचा डबा उघडा ठेवून वाईनला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

थंड करण्यात इंदुरात सर्वांत जास्त घोळ होतो. साधी ब्रूट 6 ते 8 अंशांवर, चांगली शॅम्पेन 8 ते 10 वर. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन तास. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ, गळ्यापर्यंत बाटली बुडवून 20 ते 25 मिनिटं. नुसत्या बर्फात मधल्या हवेमुळे वेळ लागतो, पाणी सगळीकडून चिकटतं. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटते किंवा बूच उडतं. कोमट बाटली उघडली तर अर्धी वाईन टेबलक्लॉथ पितो, कारण गार द्रवात वायू विरघळून राहतो आणि गरम झाला की सुटतो. गाडीच्या डिकीतून आणलेली बाटली तासभरात उघडू नका.

उघडताना आधी फॉइल, मग बुचावर अंगठा ठेवूनच तारेला सहा अर्धे फेरे. तार सैल झाल्यापासून अंगठा हलवायचा नाही. बाटली 45 अंशांत, तोंड माणसांपासून आणि झुंबरापासून दूर. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. आवाज ‘फट्’ नाही, हलका ‘फुस्स’ यावा. काढलेलं बूच बघा: खालचा भाग पसरलेला, मशरूमसारखा असेल तर ते ताजं. सरळ खुंटीसारखं आकसलेलं असेल तर बाटली बरीच वर्षं बंद आहे आणि दाबही कमी असेल.

केटररच्या भाड्याच्या ग्लासांवर विश्वास ठेवू नका. साबणाचा पातळ थर राहिला तरी फेस बसतो, मग वाईनला दोष. नुसत्या गरम पाण्यात धुऊन सुती कापडाने पुसा. कापडाचे सूक्ष्म धागे काचेवर राहिले तर उलट बरं, बुडबुडे तिथूनच सुटतात. उंच अरुंद फ्लूटपेक्षा पोट असलेला ट्युलिप ग्लास वासासाठी चांगला. आधी थोडी ओता, फेस बसू द्या, मग उरलेली.

हिशेब सोपा आहे. 750 मिलीची बाटली 125 मिलीचे सहा ग्लास देते. नुसत्या टोस्टसाठी 90 मिली पुरतात, म्हणजे आठ माणसं. तीस पाहुण्यांना चार बाटल्या, वर एक राखीव. वऱ्हाडातल्या पोरांना बाटली हलवून उडवायची हौस असेल तर त्यांच्या हाती वाढदिवसाला मिळणारी बिनदारूची फळांच्या रसाची फेसाळ बाटली द्या.

उरलेल्या वाईनसाठी गळ्यात स्टीलचा चमचा अडकवण्याचा उपाय बिनकामाचा. चापाचं स्पार्कलिंग स्टॉपर लावा आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन दिवस तग धरेल. साध्या वाईनसाठीचा हवा ओढणारा रबरी पंप मात्र वापरू नका, तो हवेबरोबर वायूही ओढून घेतो.