गोव्यात ३.२४ किलोवॅट सोलर, दहा महिन्यांनंतर: पॅनेलला उगाच शिव्या

५४० वॅटची सहा मोनो पर्क (सिलिकॉन सेलचा एक प्रकार) पॅनेल, त्यांची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर, गच्चीवरच्या पत्र्यावर मिनी रेल, म्हणजे पॅनेल धरणाऱ्या छोट्या पट्ट्या. वीज खात्याचे नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारे) आहे, त्यावर काही म्हणणे नाही. तक्रार एप्रिल-मेची आहे. आभाळ निरभ्र, ऊन डोळे दिपवणारे आणि भर दुपारी अॅपवर २.२ किलोवॅट! ज्याने बसवले त्याचे ठरलेले उत्तर: ‘गरमीत असेच होते.’

अर्धे खरे आहे. पॅनेलवरचे ५४० वॅट सेल २५ अंशांवर असतानाचे. बाहेर ३४ अंश असताना मागच्या शीटवर इन्फ्रारेड थर्मामीटर ६३ दाखवतो, आतला सेल आणखी दोनेक अंश वर. म्हणजे ४० अंश जास्त. डेटाशीटवर पॉवरची घट अंशामागे उणे ०.३५ टक्के आहे, म्हणजे १४ टक्के थेट गेले. करंट उष्णतेने किंचित वाढतो, मार बसतो तो व्होल्टेजला: सिलिकॉन तापला की सेलच्या आतली उलटी गळती झपाट्याने वाढते. सहा पॅनेलच्या स्ट्रिंगचे (एकापुढे एक जोडलेल्या माळेचे) २४६ व्होल्ट २१२ वर येतात.

मग सगळा राग पत्रा आणि पॅनेलमधल्या दोन इंचांच्या फटीवर. तापलेल्या पत्र्याला चिकटून पॅनेल, वारा जाणार कुठून? सहा इंच उचलायचा कोट आला १४ हजार. आता हिशेब. तापमान उतरेल फार तर ५ अंश, म्हणजे पावणेदोन टक्के. दिवसाला १२ युनिट धरले तर वर्षाला ७७ युनिट. पाच रुपयांनी मोजले तरी ३८५ रुपये. वसुलीला ३६ वर्षे, पॅनेलची वॉरंटी २५! वर जूनच्या वाऱ्यात उचललेले पॅनेल शिडासारखे ओढ घेणार, ते वेगळेच. फट आहे तशीच राहिली. नवीन बसवणाऱ्याने मात्र सुरुवातीलाच चार-सहा इंच मागून घ्यावेत, तेव्हा खर्च किरकोळ असतो.

पण १४ टक्के वजा केले, धूळ आणि इन्व्हर्टरमध्ये होणारी घट धरली, तरी २.६ यायला हवेत. उरलेले ४०० वॅट कुठे?

अॅपमधला डीसी व्होल्टेज बघा. नुसते पॅनेल तापले असेल तर पॉवरबरोबर व्होल्टेजही पडलेले दिसते, आणि आलेख घुमटासारखा गोल राहतो. इथे साडेबाराला आलेख सुरीने कापल्यासारखा सपाट, आणि व्होल्टेज २१२ वरून चढून २४० ला. म्हणजे पॅनेल द्यायला तयार आहे, इन्व्हर्टर घेत नाही. तो स्वतःच तापलाय आणि जीव वाचवायला पॉवर कमी करतोय. लावलाय कुठे, तर त्याच पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर, वर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पात्यांत डांबरी धूळ. जिन्याच्या सावलीतल्या उत्तर भिंतीवर हलवला, चारी बाजूंनी फूटभर जागा सोडली, पाती ब्रशने झाडली. सहा मीटर डीसी केबल आणि मजुरी धरून अठराशे रुपये. दुसऱ्या दिवशी दुपारी २.६.

दुपारी पाणी मारून पॅनेल गार करायचा सल्ला सगळे देतात. नको. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी बरे नाही, आणि बोअरचे पाणी वाळले की क्षारांचे डाग बसतात, ते ऊन अडवतात. धुवायचे ते पहाटे.

टॉपकॉन (पर्कनंतरचा नवा प्रकार) पॅनेलचा अंशामागचा आकडा साधारण उणे ०.३० असतो, ६५ अंशांवर दोन टक्क्यांचा फायदा. किमतीतला फरकही तेवढाच असेल तर घ्या.

पॅनेलला पाचपैकी चार. बसवणाऱ्याला दोन, तेही वायरिंग नीटनेटके आहे म्हणून.