आजाऱ्याच्या खोलीतला जाड क्रूस: ‘सिक कॉल सेट’ घेताना आणि वापरताना

वसईतल्या, वांद्र्यातल्या, गोव्यातल्या जुन्या कॅथलिक घरांत आतल्या खोलीच्या भिंतीवर एक जाडजूड लाकडी क्रूस दिसतो. नेहमीच्या क्रुसाच्या जवळजवळ दुप्पट जाड. तो तसा का, हे घरातल्या तरुणांना बऱ्याचदा ठाऊक नसतं. ख्रिस्ताची मूर्ती असलेला पुढचा भाग सरकवला की मागे पोकळी उघडते. तिच्यात दोन मेणबत्त्या, आशीर्वादित पाण्याची बाटली, पांढरा रुमाल आणि थोडा कापूस असतो. मागचा भाग टेबलावर आडवा ठेवायचा, त्याच्या खाचेत पुढचा क्रूस उभा करायचा आणि दोन्ही बाजूंच्या भोकांत मेणबत्त्या बसवायच्या. फादर आजाऱ्याला प्रार्थनेसह पवित्र तेल लावायला, म्हणजे ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हा संस्कार द्यायला येतात तेव्हाची वेदी अशी दोन मिनिटांत मांडून होते. दुकानात हा ‘सिक कॉल सेट’ किंवा ‘सिक कॉल क्रूसिफिक्स’ म्हणून मागायचा.

वस्तू चांगली आहे आणि घरात असावी. पण आज बाजारात मिळणारे बरेच सेट शोभेसाठी केलेले असतात. असा सेट पहाटे तीनला, घाबरलेल्या माणसाच्या हातात, अंधूक उजेडात उघडला पाहिजे. दुकानात हातात घेतल्यावर परीक्षा त्याच कसोटीवर करावी.

सगळ्यात आधी खोबण बघा. पुढचा भाग एका हाताने, जोर न लावता सरकला पाहिजे आणि क्रूस उलटा धरला तरी आपोआप निसटता कामा नये. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेले सेट दुकानात गुळगुळीत सरकतात. पण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात एमडीएफ कडांकडून पाणी ओढतं, खोबण फुगते आणि जुलैत तो क्रूस उघडतच नाही. सागवान किंवा शिसवी महाग पडतं, पण घेण्यासारखं तेच. लाकडी सेटची खोबणही पावसाळ्यात थोडी आवळते. तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासला की काम होतं. तेल लावू नका, त्यावर धूळ बसून ती आणखी अडकते.

मग क्रूस उभा करून बघा. उभ्या क्रुसाला बोटाने हलकेच ढकला. डगमगला तर तो सेट घेऊ नका, कारण त्याच्या शेजारी पेटत्या मेणबत्त्या असणार आहेत. मूर्ती नुसती डिंकाने चिकटवलेली आहे की स्क्रूने बसवलेली, हेही बघावं. स्क्रूचं टोक आत पोकळीत आलं असेल तर ते रुमालात अडकतं आणि घाईत रुमाल फाटतो.

आतलं साहित्य बहुतेक सेटमध्ये निराशा करतं. मेणबत्त्या पॅराफिनच्या आणि बारीक असतात. मे महिन्याच्या उन्हाळ्यात बंद पोकळीत त्या वाकतात आणि मग भोकात सरळ बसत नाहीत. मधमाशीच्या मेणाच्या जास्त टिकतात. पण मेणबत्तीची जाडी आणि भोकाची जाडी जुळते का, हे दुकानातच बसवून बघा. सैल बसली तर बुडाला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा. कापूस किंवा कागद कधीच नाही, तो पेट घेतो. प्लास्टिकच्या बाटलीचं बूच सहसा गळतं, म्हणून पाणी भरून रात्रभर आडवी ठेवून तपासा. रुमाल पॉलिएस्टरचा निघाला तर काढून टाका आणि धुतलेला सुती रुमाल ठेवा. काडेपेटी सहसा सेटमध्ये नसते. ती आत ठेवली तर दमटपणाने सादळते. लायटर शेजारच्या खणात ठेवावा आणि तो तिथे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावं.

आत घातलेल्या पत्रकाबद्दल जास्त काळजीने लिहायला हवं. काही सेटमध्ये अजून जुन्या विधीचं पत्रक असतं: डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय यांना तेल लावणं, कापसाचे वेगवेगळे बोळे, फादरांची बोटं पुसायला पावाचा तुकडा आणि लिंबू. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली ‘शेवटचा अभ्यंग’ या नावापेक्षा ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवलं, आणि पोप सहावे पॉल यांनी 1972 साली नवा विधी दिला. आता कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लावतात. पाव आणि लिंबू ठेवला तर बिघडत नाही, फादरांना बोटांचं तेल पुसायला सोय होते. पण जुन्या पत्रकाचा खरा तोटा वेगळा आहे. ते वाचून घरच्यांचा समज पक्का होतो की फादर तेल घेऊन आले म्हणजे आता संपलं. मग ‘बाबा घाबरतील’ म्हणून बोलावणं लांबतं आणि फादर येतात तेव्हा बाबा शुद्धीत नसतात. त्यांना कुमसार (पापांची कबुली) करायचं राहून जातं, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायचं राहून जातं, आपल्या तोंडाने ‘आमेन’ म्हणायचंही राहून जातं. नवा विधी मरणाच्या दारात पोचलेल्यांपुरता नाही. गंभीर आजाराचं निदान झालं, मोठं ऑपरेशन ठरलं, म्हातारपणाने शरीर खूप खचलं, की बोलावता येतं. आजारी बरा होऊन पुन्हा गंभीर झाला किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक ढासळली, तर संस्कार पुन्हा घेता येतो. असं जुनं पत्रक निघालं तर काढून टाका आणि त्या जागी आपल्या पॅरिशमधलं (धर्मग्रामातलं) मराठी प्रार्थनेचं पान ठेवा. मोठ्या अक्षरातलं, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असणार आहे.

प्रार्थना केली की हमखास गुण येतो अशी हमी देणारी पत्रकंही अशा वस्तूंसोबत कधी कधी मिळतात. तीही ठेवू नका. हा संस्कार औषधाच्या जागी नाही. कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथात, 38व्या अध्यायात, वैद्याचा मान ठेव, त्यालाही देवानेच घडवलं आहे, असंच सांगितलं आहे. आजारी माणूस बरा झाला नाही तर अशी हमी वाचलेल्या घरावर आपलीच श्रद्धा कमी पडल्याचं ओझं येतं. दुःखात असलेल्या घरावर याहून मोठा अन्याय नाही.

आता वापर. टेबल आजाऱ्याला मान न वळवता दिसेल अशा बाजूला घ्या. रुमाल पसरून क्रूस, मेणबत्त्या, पाण्याची बाटली, कापूस, एक रिकामी बशी, अर्धा पेला पिण्याचं पाणी आणि चमचा एवढं ठेवा. तेल तुम्ही आणायचं नाही. ते बिशपांनी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या क्रिझम मिस्सेत, म्हणजे तेलांना आशीर्वाद देण्याच्या खास उपासनेत, आशीर्वादित केलेलं असतं आणि फादर आपल्या डबीत घेऊन येतात. हे बहुधा ऑलिव्हचं असतं, पण दुसरं वनस्पतीचं तेलही चालतं. विक्रेता सेटबरोबर ‘अभ्यंगाचं तेल’ वेगळं देऊ करत असेल तर त्यावर पैसे घालवू नका. हा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक) नाही, मठातली सिस्टर नाही, कम्युनियन घेऊन येणारे सेवकही नाहीत. म्हणून फोन करताना ‘कम्युनियनला या’ असं मोघम सांगू नका, ‘तेल लावायचं आहे’ असं स्पष्ट सांगा. आजारी शुद्धीत आहे का, गिळू शकतो का, कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, हेही त्याच फोनवर.

फादर आले की आधी कुमसारासाठी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं आणि दार ओढून घ्यायचं. परत आत आल्यावर आजाऱ्याचे हात चादरीबाहेर काढून ठेवा. हाताला सलाईनची सुई असेल तर आधी सांगा, कारण तेलाने चिकटपट्टी सुटते. अशा वेळी फादर तेवढी जागा सोडतात. फारच अडचण असेल तर एकट्या कपाळाला, नाहीतर शरीराच्या दुसऱ्या सोयीच्या जागी तेल लावूनही संस्कार पूर्ण होतो. संसर्गाचा धोका असेल तर हाताऐवजी कापसाची काडी वापरायला धर्मनियमांची मुभा आहे. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपास आजाऱ्याला लागू नाही, त्याची सेवा करणाऱ्यांनाही नाही. हे माहीत नसल्याने रात्रभर जागलेली सून कम्युनियन न घेता कोपऱ्यात उभी राहते. तिला आवर्जून सांगा. गिळायला त्रास होत असेल तर होस्तियेचा (कम्युनियनच्या भाकरीचा) कणभर तुकडा चमच्यातल्या पाण्याबरोबर देता येतो. नाकातून नळी असेल किंवा डॉक्टरांनी तोंडावाटे काहीच द्यायचं नाही म्हटलं असेल, तर हट्ट करू नका, अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका खरा असतो.

या सेटचा सगळ्यात मोठा धोका मात्र दुकानदार कधीच सांगत नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन किंवा सिलेंडर चालू असेल तर मेणबत्ती पेटवू नका. ऑक्सिजन चादरीत, उशीत, कपड्यांत मुरतो आणि एवढ्याशा ठिणगीने ते भराभर पेटतं. मशीन बंद केल्यावरही काही वेळ हा धोका राहतो. उघडी ज्योत ऑक्सिजनपासून निदान 3 मीटर लांब असावी असं सांगतात, आणि आपल्याकडच्या खोलीत तेवढी जागा निघत नाही. बॅटरीवरच्या दोन मेणबत्त्या ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका. मेणबत्तीवाचून संस्कारात काही कमी होत नाही. मास्क लावलेला असेल तर कपाळावर तेलाचा अगदी पुसट ठिपका पुरतो. नंतर तो कापसाने टिपून घ्या, मास्कच्या कडेपर्यंत ओघळू देऊ नका.

पाण्याबद्दलही तेवढंच सांभाळा. महिनोन्महिने बाटलीत राहिलेलं पाणी आशीर्वादित असलं तरी त्यात जंतू वाढतात. ते जखमेवर, गळ्याच्या नळीवर, केमोथेरपी चालू असलेल्याच्या तोंडावर शिंपडू नका. लूर्द या फ्रान्समधल्या तीर्थस्थळाहून आणलेल्या बाटलीलाही हेच लागू. बोटाने कपाळावर क्रुसाची खूण पुरे.

आयसीयूत हा सेट निरुपयोगी आहे, तिथे नेऊच नका. तिथे न्यायचं ते एवढंच: धुता येणारी प्लास्टिकची छोटी रोझरी (जपमाळ) आणि बायबलमधल्या 23व्या स्तोत्राचं प्लास्टिकमध्ये घातलेलं पान. ड्युटीवरच्या नर्सला आधीच विचारून ठेवा की फादरना भेटीच्या वेळेबाहेर पाच मिनिटं सोडतील का. फादर आले की आजाऱ्याच्या कानाशी त्याचं घरातलं नाव घ्या आणि ‘फादर आलेत’ असं सांगा, डोळे मिटलेले असले तरी. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हळू आवाजात म्हणा, त्याच्या श्वासाच्या गतीने. बेशुद्ध माणसालाही हा संस्कार देता येतो, शुद्धीत असता तर त्याने तो मागितला असता एवढं पुरतं. प्राण गेला की नाही अशी शंका असली तरी देतात.

ज्या घरात आत्ता कोणी आजारी नाही त्यांनी सेट आत्ताच घ्यावा. 11 फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाला, जागतिक रुग्ण दिन असतो आणि त्या सुमारास बऱ्याच चर्चमध्ये आजाऱ्यांना एकत्र तेल लावतात. त्या आठवड्यात घरचा क्रूस खाली काढून उघडून बघायची सवय ठेवली तर आत काय वाकलंय, काय सुकलंय ते कळतं.

विधी झाल्यावर तेलाचा कापूस कचऱ्यात टाकू नका. जाळून राख झाडाच्या मुळाशी घालतात. उरलेलं आशीर्वादित पाणीही कुंडीत ओता. रुमाल धुऊन कडक उन्हात वाळवा. मेणबत्त्यांच्या भोकांतलं मेण लाकडी काडीने खरवडा, सुरीने भोक मोठं होतं. दोन नव्या मेणबत्त्या, कोरडा कापूस, घडी घातलेला रुमाल आत ठेवा. बाटली रिकामी आणि उघडी वाळवून मगच बूच लावा, पाणी लागेल तेव्हा चर्चमधून ताजं आणता येतं. पुढचा भाग सरकवून बंद करा आणि क्रूस पुन्हा त्याच खिळ्याला लावा.