जुन्या प्रेशर कॅनरवर काटा ठेवावा की वजन लावावे?

जुना प्रेशर कॅनर (बरणीत भरलेले अन्न दाबाच्या वाफेवर टिकाऊ करण्याचे भांडे) हाती आला आणि भांडे, झाकण व कड शाबूत निघाली, की ठरवण्याची मोठी गोष्ट एकच उरते: झाकणावरचा दाबाचा काटा, म्हणजे गेज, दरवर्षी तपासून घेत राहायचे, की तीन कड्यांचे वजन (झाकणावरच्या वाफेच्या नळीवर ठेवायचे, ठरलेल्या दाबाला हलणारे वजन) आणून त्यावर विसंबायचे. मी दोन्ही वापरले आहेत.

झाकणाची रबरी रिंग आणि दाब फार वाढल्यास वाफ सोडणारा सेफ्टी प्लग यांविषयी फारसा वाद नाही. रबर कडक झाले किंवा चिरले की ते बदलावे आणि भांड्यावरचा मॉडेल क्रमांक जुळवूनच नवे घ्यावे. प्रेस्टो या कंपनीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांचे भाग अजून मिळतात. ऑल अमेरिकन या दुसऱ्या ब्रँडच्या कॅनरमध्ये धातूवर धातू बसत असल्यामुळे रिंगचा प्रश्नच येत नाही.

काट्याच्या बाजूने सांगायचे तर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे दाब बारकाईने ठरवता येतो. २००० फुटांपर्यंत ११ पौंड (प्रति चौरस इंच), ४००० पर्यंत १२, ६००० पर्यंत १३, असे एकेक पौंडाने वर जाता येते. वजनाला ही सोय नाही. १००० फुटांपर्यंत १० आणि त्यापुढे थेट १५ पौंड. त्यामुळे मध्यम उंचीवर राहणाऱ्याच्या भाज्या वजनावर थोड्या जास्त शिजतात, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही माझा कल काट्याकडून वजनाकडे वळला, तो तपासणीमुळे. काटा वर्षातून एकदा, हंगामापूर्वी तपासावा असा दंडक आहे आणि अमेरिकेत कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन या विद्यापीठांच्या विस्तार सेवेची अनेक काउंटी कार्यालये हे काम करून देतात. मात्र त्यांच्याकडचे यंत्र बहुधा प्रेस्टोच्या धर्तीच्या गेजसाठी असते, त्यामुळे ऑल अमेरिकनचा गेज तिथे तपासून मिळेलच असे नाही. दोन पौंडांहून अधिक फरक निघाला तर गेज बदलायचा, हेही स्पष्ट आहे. पण मला खटकते ते तपासणीनंतरचे वर्ष. झाकण धुताना गेजला धक्का लागला, तर काटा त्याची काहीच खूण देत नाही. तो कमी दाखवू लागला तर अन्न जास्त शिजेल, एवढेच. पण दोन पौंड जास्त दाखवत असेल, तर ११ वाचताना आत ९ असतात, आणि मांस किंवा शेंगांसारख्या कमी आम्लाच्या अन्नात बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू मारण्यासाठी लागणारे सुमारे ११६ अंश सेल्सिअस गाठलेच जात नाहीत. माझ्या कॅनरवर वजन १० पौंडांवर नीट हलत असताना काटा कधी थोडा वर, तर कधी थोडा खाली दिसतो. हे काही मोजमाप नव्हे, पण त्यानंतर केवळ काट्याच्या भरवशावर बरणी बंद करायला मन धजत नाही.

शिवाय क्वार्टच्या (सुमारे एक लिटरच्या) बरणीतले मांस ९० मिनिटे दाबाखाली ठेवावे लागते आणि मध्येच दाब खाली गेला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. काट्यासाठी शेगडीपाशी सतत उभे राहावे लागते. वजनाचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतूनही ऐकू येतो.

वजन घेताना एक काळजी आवश्यक आहे. आतला दाब वजन आणि नळीच्या छिद्राचा आकार या दोहोंवर ठरत असल्याने दुसऱ्या कंपनीचे वजन, ते सैलसर बसले तरी, चालणार नाही. प्रेस्टोच्या काट्याच्या कॅनरसोबत येणारे एकसंध वजन १५ पौंडांचे असते. ५, १० आणि १५ पौंडांसाठी तीन कड्यांचे वजन वेगळे मागवावे लागते. नळीचे छिद्र प्रत्येक वेळी उजेडात धरून आरपार पाहावे.

ज्यांच्या गावाची उंची १००० ते २००० फुटांच्या दरम्यान आहे, ज्यांना भाज्यांचा पोत जपायचा आहे आणि ज्यांना तपासणीची सोय जवळ आहे, त्यांनी काटा ठेवला तर माझी हरकत नाही. इतरांनी, विशेषतः कॅनर कोणाकडून कसा वापरला गेला हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी, पहिला खर्च वजनावर करावा असे मला वाटते. काटा झाकणावर राहू द्यावा, पण बरणीचा निर्णय त्याच्यावर सोडू नये.