बाईचा पदर: लातुरातल्या होमकेअर सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे आईला बाई म्हणतात. मागच्या आषाढात बाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. अठरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा नाकात नळी, लघवीची पिशवी आणि माकडहाडावर रुपयाएवढी जखम. मी शाळेत मास्तर, बायको पतसंस्थेत, बहीण गंगाखेडला दिलेली. रजा संपत आल्या तसा लातुरातल्याच एका होमकेअर सेवेला फोन लावला. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते ऑफिसपेक्षा त्यांनी पाठवलेल्या ताईंबद्दल.

ऑफिसचं आधी उरकतो. सकाळी 8 ते रात्री 8, महिन्याला 17 हजार. आधारकार्ड आणि पोलीस पडताळणीचा कागद न मागता दाखवला, हे चांगलं. पण पहिली मुलगी चौथ्या दिवशी यायचीच बंद झाली आणि दोन दिवस बदली मिळाली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात दोन दिवस म्हणजे लई होतात. आणि 17 हजारांतले ताईंच्या हातात किती पडतात, हे विचारलं की विषय बदलतात. ते मला अजून पटलेलं नाही.

ताई रेणापूर तालुक्यातल्या. सकाळच्या एसटीनं येतात. चप्पल काढली की कोपरापर्यंत साबणानं हात धुणार, मगच बाईजवळ. पहिल्या दिवशी मी औषधांचं सांगायला लागलो तर म्हणाल्या, "सर, आधी माझी नि मायची ओळख होऊ द्या." बाईच्या चांगल्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. "माय, मी आता रोज येणार. हात लावायच्या आधी सांगत जाईन." त्यानंतर एकदाही त्यांनी न सांगता बाईला हात लावलेला मी पाहिला नाही. "माय, कुशीवर घेते हं." "माय, पाणी कोमट हाय, घाबरू नको."

नळीतून भरवायच्या आधी पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणार, नाकापाशी नळीवरची खूण जागच्या जागी आहे का बघणार. मग ज्वारीची गाळलेली आंबील सावकाश, शेवटी साधं पाणी सोडून नळी स्वच्छ. पुढं अर्धा तास बाईला आडवं करू द्यायच्या नाहीत, अन्न उलटून छातीत जाऊ नये म्हणून. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. दवाखान्यात हे आम्हाला घाईघाईत सांगितलं होतं, ताईंनी माझ्या बायकोचा हात धरून शिकवलं.

जखमेसाठी शंभर पानी वही घातली. दर दोन तासांनी कूस: 8 डावी, 10 उजवी, 12 पुन्हा डावी. रात्रीचे रकाने आखून आमच्यासाठी कोरे ठेवायच्या आणि सकाळी आल्या की आधी ते बघायच्या. कधी 2 चा रकाना रिकामा दिसला तर बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी पाठ जरा जास्त वेळ तपासायच्या. वीज गेली की हवेच्या गादीचा पंप बंद पडतो, तेव्हा तासातासाला कूस बदलायच्या. तिसऱ्या महिन्यात जखम भरली. आमच्या भागात नळाला रोज पाणी नसतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे शहर. ताई अर्ध्या बादलीत बाईचं सगळं अंग पुसून काढतात, आणि मला ते कधी कमी वाटलं नाही.

पण एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. कुणी भेटायला आलं की बाई डाव्या हातानं चादर ओढायची, तोंड फिरवायची, कधी रडायची. आम्हाला वाटे, थंडी वाजते. मग पंखा बंद कर, ब्लँकेट घाल. ताईंनी चार-पाच दिवस नुसतं बघितलं आणि मला विचारलं, "माय आधी डोक्यावर पदर घेत होती का?" साठ वर्षं घेतला होता. दवाखान्यापासून ती गाऊनवर होती, आणि जावई, दीर, शेजारचे सगळे तिच्या उघड्या डोक्यासमोर येऊन बसत होते. ताईंनी तिचं जुनं मऊ लुगडं फाडून पदराएवढा तुकडा काढला, काठ शिवून आणला. आता दार वाजलं की आधी तो डोक्यावरून घेतात, मग कडी काढतात. बाईचं चादर ओढणं त्याच दिवशी थांबलं.

नळी आता निघाली, मऊ भात चमच्यानं जातो. उजवा हात अजून आलेला नाही.

घरी अशी ताई ठेवणार असाल तर दोनच गोष्टी. इंजेक्शन आणि लघवीची नळी बदलणं नर्सकडूनच करून घ्या, आणि धुणीभांडी ताईंच्या गळ्यात टाकू नका. आमच्या एका पाहुण्यानं त्यांना चहाला वेगळा कप ठेवा म्हणून सुचवलं होतं. मी ते तिथंच मोडून काढलं.

रविवारी ताईंना सुट्टी असते. मागच्या रविवारी मी घाईत काही न बोलता बाईला वळवायला गेलो, तर तिनं पलंगाची दांडी घट्ट धरली, सुटता सुटेना. मग आठवलं. "बाई, कुशीवर घेतो हं," म्हणालो, तशी तिनं दांडी सोडली.