मेल थेट पाठवायची की रिलेमार्फत?

रिले म्हणजे आपली मेल पुढे पोचवणारी दुसऱ्याची सेवा. स्वतःच्या मेल सर्व्हरवर मेल व्यवस्थित येते, पण जीमेलला पाठवलेली स्पॅममध्ये पडते किंवा परत येते. अशा वेळी बहुतेक जण एसपीएफ (आपल्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ते सांगणारं डीएनएस रेकॉर्ड) बदलत बसतात. आधी बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) उघडं आहे का आणि आयपीचं पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारं) काय आहे, ते बघा. या दोन्ही गोष्टी आपल्या डीएनएस पॅनेलमध्ये नसतात, होस्टिंगवाल्याच्या हातात असतात.

डीएनएस तपासणाऱ्या डिग कमांडला ‘-एक्स’ लावून आयपी द्या. मेल सर्व्हरचं नाव यायला हवं, त्या नावाचं ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारं) परत त्याच आयपीवर जायला हवं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल अशी उलटसुलट जुळणी मागतं. सर्व्हर आयपीव्ही६ वरून पाठवत असेल तर त्याचं पीटीआर वेगळं लागतं; आयपीव्ही४ चं सगळं बरोबर असूनही मेल परत येते ती बरेचदा इथेच. पीटीआर लावून मिळत नसेल तर थेट पाठवायचा नाद सोडा, रिले घ्या.

थेट पाठवण्याचा मोठा फायदा म्हणजे लॉग. समोरच्याने ५५० (मेल नाकारल्याचा कोड) देऊन नेमकं काय सुनावलं, ते तिथल्या तिथे दिसतं. एसपीएफही एका आयपीपुरतं. मात्र एकाचा पासवर्ड फुटून स्पॅम गेलं की तो आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि सगळ्या ऑफिसची मेल अडते.

रिलेला मेल पोर्ट ५८७ वरून जाते, पीटीआर त्यांचं ते बघतात. चुका होतात त्या आपल्या डीएनएसमध्ये. रिलेसाठी दुसरं एसपीएफ रेकॉर्ड टाकलं की दोन्ही निकामी होतात. रिलेचा इन्क्लूड (त्यांचं एसपीएफ आपल्यात जोडणारा भाग) जुन्याच ओळीत, ‘ऑल’च्या आधी घाला. इन्क्लूड, ए, एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर यायची ते सांगणारं रेकॉर्ड) अशा सगळ्या मिळून १० च डीएनएस चौकश्या चालतात, आणि इन्क्लूडच्या आतल्याही त्यात मोजल्या जातात.

त्याहून फसवी गोष्ट डीमार्कची, म्हणजे फ्रॉममधलं डोमेन खरं आहे का ते एसपीएफ किंवा डीकेआयएमवरून ठरवणाऱ्या तपासणीची. काही रिले रिटर्न-पाथमध्ये (मेल परत यायच्या पत्त्यात) स्वतःचं डोमेन लावतात. मग एसपीएफ पास दिसतं, पण फ्रॉममधल्या डोमेनशी जुळत नाही, म्हणून डीमार्क नापास. यावर आपल्या डोमेनची डीकेआयएम सही (मेलवरची डिजिटल सही) हवीच. त्या सहीची डीएनएसमध्ये टाकायची २०४८ बिटांची किल्ली एका स्ट्रिंगच्या २५५ अक्षरांत मावत नाही. झोन फाइल (डीएनएस रेकॉर्डांची फाइल) हाताने लिहीत असाल तर अवतरणांत दोन तुकडे करा.

येणाऱ्या मेलचं एमएक्स दोन्हीकडे तेच राहतं, रिले घेतली म्हणून त्याला हात लावू नका.