बेंगळुरूची ‘ब्रुअरी सहल’ आणि आमचे गेलेले वीस हजार

गेल्या डिसेंबरात बेळगावहून आम्ही चार मित्र दोन दिवसांसाठी बेंगळुरूला गेलो होतो. तेथील मायक्रोब्रुअरी पाहायच्या आणि चांगली क्राफ्ट बिअर चाखायची, एवढाच हेतू होता. त्या दोन दिवसांत आमची वीस हजारांहून अधिक रुपयांची फसवणूक झाली. रक्कम कोणाला मोठी वाटेल, कोणाला लहान. पण ती ज्या रीतीने आमच्याकडून काढून घेतली गेली, ती रीत सीमाभागातील मराठी माणसाला सहज गुंतवणारी आहे, म्हणून सारे तपशील लिहीत आहे.

मायक्रोब्रुअरीत बिअर त्याच जागेत, थोड्या थोड्या प्रमाणात तयार होते आणि बहुधा पाश्चरीकरण न करता ताजीच दिली जाते. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातील अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. बेंगळुरूच्या इंदिरानगरातील टॉइट २०१० पासून चालू आहे. त्यानंतर बेंगळुरूत अशा जागा इतक्या वाढल्या, की नवख्या माणसाने कोठून सुरुवात करावी हे कळत नाही. इंदिरानगर एका बाजूला, व्हाइटफील्ड दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये संध्याकाळची वाहतूक; दोन दिवसांत चार-पाच ठिकाणांपेक्षा अधिक पाहणे शक्यच नसते. त्यामुळे निवड नीट करावी लागते, आणि ती आम्ही स्वतः न करता दुसऱ्यावर सोपवली.

शोधताना ‘पाच ब्रुअरी, एक दिवस’ अशी जाहिरात सापडली. यादीत नावाजलेल्या पाच जागा होत्या, सोबत चकचकीत तांब्याच्या भांड्याचा फोटो होता, आणि माणशी ३,५०० रुपयांत व्हॅन, प्रत्येक ठिकाणी चार नमुने, जेवण आणि बिअर बनवणाऱ्याशी गप्पा एवढे सारे देण्याचे आश्वासन होते. पिऊन गाडी चालवायची नाही हे आमचे ठरलेले असल्यामुळे व्हॅनची सोय विशेष पटली. मी फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस आधी कन्नडमध्ये बोलला, मी बेळगावचा म्हणताच मराठीत आला. “दादा, मी निपाणीकडचाच. आपल्या माणसाला फसवून मी कुठं जाणार?” हे त्याचे शब्द मला आजही ऐकू येतात. परक्या शहरात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला, की मन सैल होते. त्याच्या बोलण्याचा हेल खरोखरच आपल्या भागातला होता, आणि तेवढ्यावरून मी पुढची एकही चौकशी केली नाही.

४,००० रुपये आगाऊ मागितले, ते यूपीआयने दिले. पैसे कोणत्याही संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात जात होते आणि ते नाव फोनवर सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हते. विचारल्यावर “ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे” असे उत्तर मिळाले. उरलेले १०,००० रुपये प्रवासाच्या आदल्या रात्री घेतले गेले. पावती आली नाही. यादीतील एखाद्या ब्रुअरीला फोन करून ‘आमचे बुकिंग आहे का’ एवढे विचारले असते, तरी सारे तिथेच उघडे पडले असते. दोन मिनिटांचे काम होते.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी आम्ही उतरलो. दुपारी व्हॅन आली. फोनवर बोललेला सहलीचा मालक मात्र आला नाही, फक्त चालक होता. यादीतील पहिली जागा “आज खासगी कार्यक्रमासाठी बंद आहे” आणि दुसरीत “जागा नाही” असे सांगून त्याने आम्हाला बाहेरच्या वळणरस्त्याजवळील एका मोठ्या पबमध्ये नेले. दर्शनी काचेमागे जाहिरातीतले तेच भांडे होते, खालच्या अंगाला पोचा असलेले.

आमच्यातला एक जण बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात तीस वर्षे काम करतो. तो काचेजवळ बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन हळूच म्हणाला, “अरे, हे चालू नाही.” टाक्यांवरील प्रेशर गेजचे काटे शून्यावर होते. तापमान दाखवणारे डबे बंद होते. टाकी थंड ठेवण्यासाठी जे गार द्रव फिरवावे लागते, त्याच्या नळ्या जोडलेल्याच नव्हत्या, आणि झाकणाच्या कडेवर धूळ साचली होती. एल प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंशांवर आंबवतात, लागर त्याहून बरीच थंड ठेवून कित्येक आठवडे मुरवतात; त्यामुळे चालू ब्रुअरीत प्रत्येक टाकीवर तापमानाचा आकडा दिसायलाच हवा. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, शिजताना गोडसर वास सुटतो. गुऱ्हाळ चालू आहे हे जसे लांबूनच नाकाला कळते, तसे हेही कळते. तिथे फक्त तळणाचा वास होता. वाढप्याला मी विचारले की ही गव्हाची बिअर कधी बनवली, आणि माल्टचा चोथा कोण नेतो, कारण तो चोथा बहुधा जनावरांच्या चाऱ्यासाठी जातो. त्याला दोन्ही प्रश्न समजले नाहीत. गव्हाची म्हणून दिलेली बिअर काचेसारखी नितळ होती. न गाळलेली गव्हाची बिअर यीस्टमुळे आणि गव्हातील प्रथिनांमुळे गढूळ दिसते. आमच्या पेल्यांत कारखान्याच्या पिंपातील साधी बिअर वेगवेगळ्या नावांनी येत होती, याबद्दल मला शंका उरली नाही.

त्यावर ६,२४० रुपयांचे बिल आले. सहलीच्या पैशांत हे सारे आले आहे, असे आम्ही सांगितले. पबच्या व्यवस्थापकाने अशी कोणतीही सहल आपल्याला माहीत नसल्याचे सांगितले. तोवर चालक निघून गेला होता आणि मालकाचा फोन बंद लागत होता. बिलात बिअरवरही जीएसटी लावला होता आणि वर सेवाशुल्कही घेतले होते. पिण्याच्या मद्यावर जीएसटी लागत नाही, तो फक्त खाद्यपदार्थांवर लागतो. आणि सेवाशुल्क देणे ऐच्छिक असते, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. बिलातल्या या दोन्ही गोष्टी मला नंतर घरी ते वाचताना दिसल्या. त्या वेळी चौघेही इतके खजील झालो होतो, की पैसे भरून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः फोन करून एकच जागा निवडली, दुपारी गर्दी नसताना गेलो आणि आतली टाकी पाहता येईल का असे विचारले. त्यांनी आनंदाने दाखवली. फळ्यावर त्या आठवड्याच्या बिअरची नावे खडूने लिहिलेली होती आणि त्यातील एक संपल्यामुळे खोडलेली होती. नाव खोडलेले पाहून मला जितका विश्वास वाटला, तितका कोणत्याही जाहिरातीने वाटला नव्हता.

बेळगावला परतल्यावर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तीन दिवस उलटल्यामुळे त्या खात्यातील पैसे पुढे गेलेले होते. फोन बंद लागला त्याच रात्री तक्रार केली असती, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता बरीच अधिक होती. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे: २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे बेंगळुरूला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. परंतु दावा कोणाविरुद्ध लावायचा, हेच आम्हाला सांगता येत नाही. हाती एक बंद मोबाइल क्रमांक आणि यूपीआयवरचे एक नाव आहे. पत्ता नाही, पावती नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या खानापूरच्या भाच्याने पुण्याच्या ब्रुअरी सहलीची एक जाहिरात मला पाठवली आणि “मामा, जाऊ का?” असे विचारले. आयोजकाचे नाव वेगळे होते, यादीतली नावे पुण्याची होती, फोटोतल्या तांब्याच्या भांड्याला मात्र खालच्या अंगाला तोच पोचा होता.