एकच पूल की वेगळे पूल? बॅक्युलातील व्हॉल्यूमच्या फेरवापराची निवड

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखादे हिशेब कार्यालय किंवा महापे येथील एखादा लहान कारखाना बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर, किंवा त्यातूनच निघालेले बॅरिओस, वापरू लागतो तेव्हा पहिला महत्त्वाचा निर्णय पूल (बॅकअप ज्यांत लिहिले जातात त्या साठवण-फायलींचा, म्हणजे व्हॉल्यूमचा, गट) एकच ठेवायचा की पूर्ण आणि इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या फाइल्सचाच) बॅकअपसाठी वेगळे करायचे, हा असतो. समजा, महिन्याचा पूर्ण बॅकअप ३०० जीबीचा आहे, रोजचा इन्क्रिमेंटल १० जीबीचा आहे, डिस्क ४ टीबीची आहे आणि सहा महिने मागे जाता यावे अशी अपेक्षा आहे.

एकाच पूलमध्ये मांडणी सोपी असते, परंतु सर्व व्हॉल्यूमना एकच रिटेन्शन (जपून ठेवण्याची मुदत) लागू होते. सहा महिन्यांसाठी सुमारे सात पूर्ण बॅकअपचे २.१ टीबी आणि १८० इन्क्रिमेंटलचे १.८ टीबी धरले, तर ३.९ टीबी होतात, म्हणजे डिस्क जवळजवळ भरलीच. वेगळ्या पूलमध्ये पूर्ण बॅकअप सहा महिने आणि इन्क्रिमेंटल ४० दिवस ठेवता येतात. मग सारे मिळून अडीच टीबीच्या आसपास भागते आणि वाढीसाठी जागा उरते. चार महिन्यांपूर्वीच्या नेमक्या एका मंगळवारची फाइल मात्र या मांडणीत मिळणार नाही. त्या महिन्याच्या पूर्ण बॅकअपमधली प्रत मिळेल. कार्यालयाला हे चालत असेल, तर माझा कौल निःसंशय वेगळ्या पूलला आहे.

कौलाचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. इन्क्रिमेंटल बॅकअप आपल्या आधीच्या पूर्ण बॅकअपवर उभा असतो, त्यामुळे पूर्ण बॅकअपचा व्हॉल्यूम आधी पुसला गेला तर त्यानंतरचे इन्क्रिमेंटल जागेवर असूनही संपूर्ण डेटा परत उभा करता येत नाही. म्हणून पूर्ण बॅकअपचे रिटेन्शन, दोन पूर्ण बॅकअपमधील अंतर आणि इन्क्रिमेंटलचे रिटेन्शन यांच्या बेरजेपेक्षा जास्तच हवे. एकाच पूलमध्ये दोन्ही प्रकार एकाच व्हॉल्यूमवर मिसळतात आणि फेरवापर (मुदत संपल्यावर त्यावर पुन्हा लिहिणे) नेहमी अख्ख्या व्हॉल्यूमचा होतो, त्यामुळे ही अट पाळली जाते की नाही हे तपासणेही अवघड होते.

मांडणी कोणतीही असो, एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. रिटेन्शनची मुदत व्हॉल्यूमवर शेवटचे लेखन झाल्यापासून मोजली जाते. व्हॉल्यूमला आकाराची, जॉबच्या, म्हणजे एकेका बॅकअपच्या, संख्येची किंवा वापराच्या कालावधीची मर्यादा दिली नसेल, तर डिस्कवरील व्हॉल्यूम ‘अपेंड’ (पुढे लिहिणे चालू) स्थितीतच वाढत राहतो आणि फेरवापराच्या रांगेत कधी येतच नाही. त्यामुळे पूर्ण बॅकअपला ‘मॅक्झिमम व्हॉल्यूम जॉब्स’ १ आणि इन्क्रिमेंटलला ‘व्हॉल्यूम यूज ड्युरेशन’ सात दिवस द्यावे. ‘मॅक्झिमम व्हॉल्यूम्स’ ही पूलमधील व्हॉल्यूमच्या संख्येची मर्यादाही घालावी, नाहीतर नवे व्हॉल्यूम आपोआप बनत जाऊन डिस्क भरते.

जागा संपल्यावर काय व्हावे, हेही आधीच ठरवावे लागते. ‘रिसायकल ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ सर्वांत जुना व्हॉल्यूम मुदतीचा मान राखूनच मोकळा करते. ‘पर्ज ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ मुदत न पाहता पुसून टाकते. दुसऱ्या पर्यायात बॅकअप कधी अडत नाही हे खरे, पण एकुलता एक उपयोगी पूर्ण बॅकअप त्यातच नाहीसा होऊ शकतो. जॉब थांबलेला सकाळी दिसतो आणि त्यावर उपाय करता येतो, तर हरवलेला डेटा फाइल मागायला गेल्यावरच कळतो. म्हणून दुसरा पर्याय मी कोणालाही सुचवणार नाही.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने, तर कंपनी कायदा २०१३ नुसार आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. ही गरज फिरत्या पूलवर टाकू नये. तिच्यासाठी फेरवापर आणि ऑटोप्रून (मुदत संपलेल्या नोंदी आपोआप काढणे) दोन्ही बंद असलेला वार्षिक पूल करावा आणि ती प्रत खाडीपलीकडे, दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

पूलमधील रिटेन्शन बदलले तरी आधी बनलेल्या व्हॉल्यूमवर जुनेच आकडे राहतात. बीकॉन्सोलमध्ये, म्हणजे बॅक्युलाला आदेश देण्याच्या प्रोग्राममध्ये, ‘अपडेट’ आदेशाने ते व्हॉल्यूम नव्या आकड्यांवर आणल्याशिवाय मांडणी पूर्ण झाली असे समजू नये.